देह हाही गुरूच

बँकेत छत्तीस वर्षं बेरजा-वजाबाक्या केल्या. निवृत्त झाल्यावर तीच सवय अंगाला लावून घेतली. रोज सकाळी वजनकाटा आणि वहीत नोंद. वडील, काका, आम्ही सगळेच आडव्या बांध्याचे. पण मला ८४चे ७० किलो करायचे होते. गुरुवारचा उपवास मी निर्जळी करू लागलो. गेल्या दत्तजयंतीला वाडीला पालखीच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली. हिनं पाणी पाजलं आणि विचारलं, "अहो, हा उपवास महाराजांसाठी की काट्यासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला २४ गुरू सांगतात. त्यांत समुद्र आहे. नद्या येऊन मिळाल्या म्हणून तो फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. चोवीस सांगून झाल्यावर अवधूत स्वतःच्या देहालाही गुरू म्हणतात. मी मात्र त्या गुरूला रोज काट्यावर उभं करून रागवत होतो!

मग काय, वाट्टेल तेवढं जेवायचं? छे! जिभेपायी गळाला लागलेला मासाही त्याच चोविसांत आहे. डॉक्टर म्हणाले, साखर, रक्तदाब ठीक आहे. चालणं सोडू नका. आता पहाटे चालतो, भुकेपुरतं जेवतो. वही बंद केली. देह सांभाळायचा, त्याच्याशी भांडायचं नाही, एवढंच ठरवलंय.

गुरुवारी एकभुक्त राहतो. आरतीनंतरचा पेढा पूर्वी रुमालात बांधून घरी न्यायचो. आता कपाळाला लावून तिथंच खातो.

श्रीगुरुदेव दत्त!