सदोमासाठीं रदबदली

(वाचनपाठ : उत्पत्ति १८:२२-३३)



दारव्हा तालुक्यांतील आमचे एक बंधु लेकीस भेटण्याकरितां मुंबईस गेले होते. परत आल्यावर त्यांनीं आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, कुलाब्याच्या अफगाण चर्चांत खिडक्यांच्या रंगीत काचांवर चित्रें आहेत. आपण तर देव्हारा सोडून आलों. मग हें कसें?"

तें मंदिर १८५८ सालचें आहे. प्रश्न मात्र आजचा आहे व तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्याच्या आईनें शेंदूर फांसलेल्या दगडाला नवस केले, त्यालाच तो पडतो. सेमिनरींत तो आम्हांस कोणीं विचारला नव्हता.

मोशेनें पितळी साप केला तो देवाच्याच आज्ञेनें, आणि त्याकडे पाहणारे वांचले (गणना २१). पुढें लोक त्याला धूप जाळूं लागले, तेव्हां हिज्कीया राजानें तोच साप फोडून टाकिला (२ राजे १८). वस्तु तीच होती. धूप जळूं लागला तेव्हां ती मूर्ति झाली. खिडकी ही उजेड आंत येण्याची वाट आहे, आणि ज्यास अक्षर येत नाहीं त्यास ती शास्त्रांतील गोष्ट सांगते. उद्यां कोणी तिला हार घालूं लागला, तर पहिला दगड आम्हीच उचलूं.

परंतु ह्या निमित्तानें दुसऱ्या एका मंदिराची हकीकत सांगावयाची आहे. जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं माइन्झ नांवाचें शहर आहे. तेथील संत स्तेफनाचें जुनें मंदिर (तें कॅथलिकांचें आहे, तेवढ्यावरून कोणीं वाचणें सोडूं नये) दुसऱ्या महायुद्धांत बाँबवर्षावानें मोडलें. तें पुन्हां उभारल्यावर १९७३ सालीं तेथील पाळकानें मार्क शागाल ह्या चित्रकारास खिडक्यांविषयीं पत्र लिहिलें. शागाल यहूदी होता. नाझी सत्तेनें सुमारें साठ लाख यहूद्यांचा वध केला. तो स्वतः १९४१ सालीं फ्रान्सांतून अमेरिकेस निघून गेला म्हणून वांचला. अशा मनुष्याकडे हें काम मागणें म्हणजे ज्याचें घर जाळिलें त्याच्याच दारीं दिवा मागणें होय!

तो राजी झाला. पहिली खिडकी १९७८ सालीं बसली, तेव्हां त्याचें वय ९१ वर्षांचें होतें. १९८५ सालीं तो वारला, तोंवर नऊ खिडक्यांचें काम त्यानें पुरें केलें होतें. अशा खिडकीचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनीं सांधलेले असतात. बाहेरून ती काळवंडलेली दिसते, आंत मात्र सारें मंदिर निळ्या उजेडानें भरून जातें.

त्या पहिल्या खिडकींत त्यानें काय काढिलें? सूड दाखवावयाचा असता तर सदोमावर पडलेला अग्नि व गंधक पुढच्याच अध्यायांत आहे. त्यानें त्याच्या आधींचा प्रसंगही घेतला : अब्राहाम त्या नगरासाठीं देवाजवळ रदबदली करीत आहे. पन्नास नीतिमान, मग पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. बाजारांत भाव करावा तसा तो पायरीपायरीनें उतरतो. पुतण्या लोट त्याच नगरांत राहत होता हें खरें. पण अब्राहाम त्याचें नांवही घेत नाहीं, सगळ्या नगरासाठीं मागतो.

आमच्या लहानपणीं आमच्या आईस गांवच्या विहिरीवर चढूं देत नसत. ती घागर घेऊन खालीं बसे; कोणाला दया आली तर वरून पाणी ओतीत. पुढें पाळक होऊन आम्ही त्याच गांवीं अनेकदां उपदेश केला. रदबदली केली नाहीं. उपदेश करितांना आमच्या मनांत कोठें तरी अग्नि व गंधक होताच, हें आज कबूल करितों. त्या गांवासाठीं पहिली प्रार्थना केली ती बारा वर्षांनंतर, आणि तीही पुरी झाली नाहीं. कंठ दाटून आला.

रदबदली म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणें नव्हे. सदोम निर्दोष आहे असें अब्राहाम एकदांही म्हणाला नाहीं. पाणवठ्याचा हक्क कायद्यानें आपला आहे. तो उघडपणें मागावा.

उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारीं हा पाठ वाचाल तेव्हां दहाच्या आंकड्यावर थांबा. मंदिराच्या साध्या खिडकीचीं दारें उघडा, आणि ज्यांनीं तुमच्या माणसांस दुखविलें त्या घरांचीं नांवें, एकेक करून, देवापुढें घ्या.