तान्हुल्यापुढे टीव्ही?



बाळ रडते, घास घेत नाही. म्हणून आपण टीव्ही लावतो. रोवणीहून किंवा तेंदूपत्ता तोडून दमून आलेल्या आईने चूल पेटवावी की बाळ सांभाळावे? तिला दोष देणे सोपे आहे.

परंतु बाळ बोलायला शिकते ते उत्तर मिळाल्यामुळे. ते 'बा बा' म्हणते, आई हसते, ते पुन्हा म्हणते. टीव्ही बोलतो, पण बाळाचे ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना टीव्ही नको. पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर १९९४ सालीच टीव्हीला दाई बनविणाऱ्या आईवडिलांना सावध केले होते.

मग दाई कोण? हा प्रश्न एकट्या आईचा नाही. वडील, आजी-आजोबा, शेजारी आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता-धर्मपित्यांनी साहाय्याचे वचन दिले आहे. प्रभू येशूने बालकांना कवेत घेतले, दुसऱ्यावर सोपविले नाही.

आज जपमाळेपूर्वी टीव्ही बंद करू या. बाळाला मांडीवर घेऊन गोंडी, माडिया, मराठी, जी आपली घरची भाषा, तिच्यात त्याच्याशी बोलू या.