तेलाचें भांडें

(मत्तय २५ : १–१३)



दहा कुमारींचा दृष्टान्त आपणां बहुतेकांस ठाऊक आहे. एका रविवारीं तो शिकविण्याची पाळी आम्हांवर आली. शनिवार लग्नघरीं गेला होता. पाठ पाहिला नव्हता. ठाऊक असलेल्या गोष्टीला तयारी ती कसली, असें म्हणून आम्ही तसेच वर्गापुढें उभे राहिलों.

मध्येंच एका लहान मुलीनें विचारिलें, "गुरुजी, शहाण्या पांच जणींनीं थोडें तेल कां दिलें नाहीं? वांटून खावें असें तुम्हींच सांगतां ना?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आपलें अज्ञान झांकण्यासाठीं आम्ही तिलाच दटावून खालीं बसविलें. पुढल्या रविवारीं ती आली नाहीं. बंधूंनो, त्या दिवशीं रिता दिवा कोणाच्या हातीं होता? मुलीच्या नव्हे, आमच्याच.

मग आम्ही तो अध्याय सावकाश वाचिला. पेंगल्या तर दहाही जणी. झोपेबद्दल वरानें कोणासही दोष दिला नाहीं. दिवेही दहाही जणींजवळ होते. अंतर पडलें तें एवढेंच कीं, पांच जणींनीं निघण्यापूर्वीं दिव्यांबरोबर भांड्यांत तेल घेतलें होतें. मुलीच्या प्रश्नाचें उत्तरही येथेंच आहे. भाकरी वांटतां येते. मनाची सिद्धता वांटतां येत नाहीं. मृगाचा पाऊस पडल्यावर शेजाऱ्याची नांगरट उसनी आणणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

एज्रा शास्त्र्याकडे पाहा (एज्रा ७ : १०). त्यानें प्रथम नियमशास्त्र शोधण्याकडे मन लाविलें, मग तें पाळण्याकडे, आणि त्यानंतर लोकांस शिकविण्याकडे. शिकविणें तिसरें आहे. आम्ही तेंच पहिलें करितों. पंडिता रमाबाईंस १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं पंडिता म्हणून गौरविलें. एवढी विद्या असूनही, साध्या बायकांस समजेल अशा मराठींत बायबल देतां यावें म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि १९२२ सालीं देवाघरीं जाईपर्यंत त्या कामाला वाहून घेतलें. मग पाठ न वाचतां उभे राहण्याची मुभा आम्हांस कोणी दिली?

म्हणून शिक्षकहो, पुढला पाठ सोमवारींच उघडा. जेथें आपण स्वतः अडतां तेथें खूण करा. मूल तेथेंच अडेल. तरीही उत्तर आलें नाहीं, तर "पुढल्या रविवारीं सांगतों," असें म्हणण्यास लाजूं नका, आणि सांगितल्यावांचून राहूं नका. शिकणाऱ्यांनो, तेल शिक्षकानेंच आणावें असें नाहीं. वाचतां येत नसेल तर लेकराकडून पाठ वाचवून घ्या, आणि मनांत एक तरी प्रश्न घेऊन या.

आम्ही त्या मुलीच्या घरीं गेलों, तिच्या आईसमोर आपली चूक कबूल केली आणि तिला उत्तर सांगितलें. ती पुन्हां येऊं लागली. तें दार आम्हांस उघडें मिळालें ही प्रभूची कृपा होय. प्रत्येक दार उघडेंच राहील, असें मात्र हा दृष्टान्त सांगत नाहीं. दिवस आहे तोंवर आपण आपलीं भांडीं भरून ठेवूं या. आमेन.