कंपापलीकडचा कंपवात

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, म्हटला की लोकांना थरथरणारा हात दिसतो. रुग्णाला आणि घरच्यांना त्याहून बरेच काही सोसावे लागते: मोडलेली झोप, हटता न हटणारे बद्धकोष्ठ, कारण नसताना दाटून येणारी भीती. या आजारावरच्या लेव्होडोपाच्या गोळीने हालचाल सुटी होते, पण चिंता आणि उदासी तिला दाद देतीलच असे नाही. या दोन तक्रारींसाठी योग आणि ध्यानाला औषधाच्या जोडीला रीतसर जागा मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे. त्याला आधार आहे तो २०१९ साली ‘जामा न्यूरॉलॉजी’त आलेल्या हाँगकाँगच्या चाचणीचा. तिथे १३८ रुग्णांपैकी काहींनी आठ आठवडे सजगतेवर भर देणारा योग केला, बाकीच्यांनी स्नायू ताणण्याचे आणि ताकदीचे व्यायाम. हालचाल दोन्हीकडे सारखीच सुधारली. चिंता आणि नैराश्य मात्र योग करणाऱ्यांत अधिक कमी झाले आणि वर्ग संपल्यावर तीन महिन्यांनीही हा फरक टिकून होता. चार माणसे भेटल्यानेच बरे वाटले असेल, ही शंका इथे फारशी टिकत नाही, कारण व्यायाम करणारेही एकत्र जमतच होते. आपण काय करतो आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, त्यामुळे अपेक्षेचाही वाटा असणार, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. शिवाय ते सगळे आपल्या पायांनी चालू शकणारे होते. म्हणून योगाने कंपवात बरा होतो किंवा गोळ्या सुटतात, असे कोणी सांगू लागला तर त्याला तिथेच थांबवावे.

पण असा वर्ग रुग्णाला मिळणार कुठे? गोव्यात पेडणे तालुक्यातल्या चोपडे गावाहून मोरजी-आश्वेचा किनारा जवळच; हंगामात तिथे पाहुण्यांसाठी योगवर्गांची रेलचेल असते. गावातल्या रुग्णाला मात्र बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखवायचे तर आधी शापोरा नदी, मग मांडवी ओलांडावी लागते. वर्गासाठी दर आठवड्याला हे कोणाच्याने होणार? पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणते. पेडण्यात तसे एखाद्या देवळाच्या सभागृहातही जमेल. शिकवणाऱ्याला हा आजार कळत असला म्हणजे झाले. वेळ गोळीचा असर असतानाची धरावी. हात नसलेली खुर्ची नको. पाय जमिनीला टेकवून, श्वास सावकाश सोडत सुरुवात करावी. उठण्याआधी पावले हलवून घ्यावीत, कारण या आजारात उभे राहताच रक्तदाब घसरू शकतो, आणि तेव्हा घरचे माणूस शेजारी असलेले बरे.