अदृश्य भेग आणि मर्यादेचा विवेक

पोलादी सायकलीस जबर धक्का बसला म्हणजे तिचा सांगाडा वाकतो, त्यास पोचे पडतात, आणि आपल्या दुखण्याची वर्दी तो मालकास बहुधा आगाऊ देतो. परंतु कार्बनचे तंतू व राळ यांच्या थरांनी घडविलेली सायकल बाहेरून अव्यंग दिसत असताही अंतरंगी भंगलेली असू शकते, आणि पुष्कळदा पूर्वसूचनेवाचून मोडते. अशा वस्तूवर मनुष्याने विश्वास ठेवावा तो कोणत्या आधारावर, हा प्रश्न मला केवळ यंत्रविद्येचा वाटत नाही. तो श्रद्धेचा आहे.

अशा सायकलीची जोडणी करताना सीटचा दांडा सरकू नये म्हणून बोल्ट अधिकाधिक आवळावा, असे भयग्रस्त मनास वाटते. पण निर्मात्याने नेमून दिलेली मर्यादा, पुष्कळदा अवघी ५ न्यूटन-मीटर, ओलांडली की ज्या बळाने रक्षण व्हावयाचे त्यानेच तंतू चिरडले जातात. म्हणून बळ मोजणारा टॉर्क पाना हाती घ्यावा, आणि ग्रीसऐवजी घर्षण वाढविणारा कणयुक्त लेप लावावा, म्हणजे अल्प दाबानेही पकड टिकते. आसक्तीची मूठ आणि प्रेमाची पकड यांतील भेद मला येथे कळला.

पुढे सायकल नित्य पुसताना बोटांनी भेगा चाचपाव्यात. आघातानंतर नाण्याच्या टकटकीचा नाद कोठे बद्द झाला ते ऐकावे, मात्र तो इशारा मानावा, निवाडा नव्हे. आणि संशय उरल्यास जाणकाराच्या तपासणीवाचून सायकलीवर आरूढ होऊ नये. परीक्षेने श्रद्धा उणावत नाही. जी परीक्षेस भिते ती श्रद्धा नव्हे, आळस होय.