सशांची सोयरीक

दोन जीवांचे जुळले, हे तिसऱ्याने ओळखावे कशावरून? प्रश्न जुनाच आहे. पण माझ्यापुढे तो आला आमच्या घरातल्या दोन सशांमुळे.

मुलीच्या हट्टाखातर आधी कापशी आली. ती एकटी पडते असे वाटून काही महिन्यांनी मी ढब्बूला आणले आणि सरळ तिच्या पिंजऱ्यात सोडले. सशाची जात ती, भांडून भांडून किती भांडणार! पाच मिनिटांत केसांचे पुंजके उडाले आणि ढब्बूचा कान फाटला. टाके घालता घालता पशुवैद्य म्हणाले, "पिंजरा तिचा. तिच्या लेखी तुम्ही घरात चोर सोडलात." चूक सशांची नव्हती, माझी होती.

मग सारे रीतसर सुरू झाले. दोघांची नसबंदी केली आणि अंगातला तापटपणा उतरेपर्यंत काही आठवडे त्यांना शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवले. याच्या अंथरुणाचे गवत तिच्याकडे, तिचे याच्याकडे, अशी वासांची देवघेव केली. ससा हनुवटी घासून वस्तूंवर आपला वास ठेवतो, जणू सातबाराच लिहितो! म्हणून पहिली भेट न्हाणीघरात घडवली. तिथे दोघांपैकी कोणाचाच सातबारा नव्हता.

आठ दिवस भांडण झाले नाही. "जुळले!" असे मी जाहीर करून टाकले. पण नीट पाहिले तेव्हा दिसले की दोघे दोन कोपऱ्यांत, कान ताठ करून, एकमेकांवर नजर ठेवून बसतात. ही मैत्री नव्हे, हा पहारा होता.

आपल्या माळरानावरचा ससा एकटा राहतो. पाळीव ससा मात्र मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. बिळे खणून गोतावळ्यात राहणारा. आपण दोघांनाही एकाच नावाने हाक मारतो, एवढेच. पाळीव सशाला सोबत लागते, पण ती आपण नेमून दिली म्हणून लागत नाही.

खरी खूण पुढे तीन आठवड्यांनी दिसली. कापशीने आपले डोके ढब्बूच्या हनुवटीखाली खाली घातले आणि तशीच राहिली. ढब्बूने थोडा विचार केला आणि तिचे कपाळ चाटू लागला. काही दिवसांनी तोही तिच्यापुढे मान खाली घालू लागला. पुढे मेथीची एकच काडी दोघे दोन टोकांनी खाऊ लागले. अंगाला अंग लावून, पाय पसरून झोपू लागले. ज्याच्या वाट्याला जन्मभर पळणेच आले आहे, त्याने दुसऱ्याशेजारी पाय पसरावेत, याहून मोठा विश्वास कोणता? मधूनच एखादा पाठलाग होई. पण घटकाभराने दोघे पुन्हा एकाच वाटीत तोंड घालत.

हे पाहताना मी मनातून ओशाळत होतो. दोन वर्षांपूर्वी मी आईला गावाहून कायमची इकडे आणली. "आमच्याकडे सासूसुनेत शब्दाला शब्द नाही," हे मी मित्रांना अभिमानाने सांगत असे. आता आठवले, की दोघींचा चहासुद्धा निरनिराळ्या वेळी होत असे. त्याही दोन कोपऱ्यांत बसल्या होत्या आणि त्याला मी शांतता म्हणत होतो. कारण भांडण नसणे ही माझी सोय होती. जो दोघांना एकत्र आणतो, त्याला यशाची घाई असते. म्हणून साक्षीदार म्हणून तोच सर्वांत कच्चा.

मग एके दिवशी आमटीतल्या गुळावरून स्वयंपाकघरात चांगलीच खडाजंगी झाली. मी मध्ये पडायला उठलो, पण ढब्बूची आठवण होऊन खाली बसलो. संध्याकाळी दोघी एकाच ताटात वाटाणे सोलत होत्या.

दिवाळीच्या पहाटे सर्वांच्याच डोक्याला तेल लागते. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण परवाचा दिवस साधा मंगळवार होता. दुपारी घरी लवकर आलो, तर आई पाटावर बसलेली आणि सौ. मागे तेलाची वाटी घेऊन.

"आई, मान जरा खाली करा."

"हळू गं, गुंता आहे तिथे," असे म्हणत आईने मान खाली घातली.

"जुळले!" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो गिळून, पाय न वाजवता, मी सशांना मेथी घालायला गेलो.