मित्राला पाठवलेले चेहरे

१२ एप्रिल १८५३. लंडनच्या गॉवर स्ट्रीटवर, जॉन मिलेच्या स्टुडिओत पाच तरुण जमले होते. १८४८ साली ‘प्री-रॅफेलाइट’ हे कलावंतांचं बंडखोर मंडळ काढणाऱ्या सात जणांपैकी हे पाच. त्यांचा शिल्पकार सोबती थॉमस वूलनर आदल्या वर्षी सोनं शोधायला ऑस्ट्रेलियाला गेलेला. त्याला पाठवण्यासाठी हे सगळे एकमेकांचे चेहरे काढत बसले. त्यांच्यातल्याच होल्मन हंटनं रंगीत खडूंनी मिलेला रेखाटलं.

खडूचं काम नाजूक. नुसती बाही घासली तरी रेघ पुसली जाते. आणि हे कागद जाणार जहाजानं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला! आरशात बघून स्वतःचाच चेहरा काढणं चित्रकाराला काही अवघड नसतं. पण यांनी एकमेकांना काढलं. त्यामुळे प्रत्येक कागदातून वूलनरला दोन मित्र भेटणार होते, एक दिसणारा आणि एक बघणारा. मला तर यातली खरी भेट हीच वाटते.

सोन्यानं वूलनरला काही श्रीमंत केलं नाही. मेलबर्नमध्ये तो लोकांच्या चेहऱ्यांची उठावदार पदकं घडवून पोट भरू लागला आणि १८५४ मध्ये इंग्लंडला परतला. हंटनं काढलेला मिले आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.